भात, ऊस आणि रिकामे बाण: पीयू फर्स्ट इयरच्या एका पोरीची केस स्टडी

आपल्या बेळगाव भागात मराठी मीडियममधून दहावी झालेलं पोर सायन्सला गेलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत काय होतं ते सांगायला नको, घरोघरी झालेलं आहे. एसएसएलसीपर्यंत प्रकाशसंश्लेषण, हरितद्रव्य, पर्णरंध्र सगळं मराठीत शिकलेलं, ६२५ पैकी चांगले मार्क घेऊन पास झालेलं पोर, आणि पीयू फर्स्ट इयरला, म्हणजे अकरावीला, एकदम एनसीईआरटीचं इंग्रजी पुस्तक हातात पडतं, लेक्चरर इंग्रजीत नाहीतर कन्नड मिसळलेल्या इंग्रजीत भराभर सांगून जातात आणि हे पोर मान खाली घालून फळ्यावरचे शब्द उतरवून घेत बसतं. हुशारी काही कमी झालेली नसते, तरी दिवाळीपर्यंत घरात 'कॉमर्सला बदलून घेऊया काय' ही बोलणी सुरू होतात. मला ह्याचा मनापासून त्रास होतो, कारण ह्यातली बरीच पोरं सायन्सला एकदम योग्य असतात. म्हणून एक केस सुरुवातीपासून आत्तापर्यंत सगळी लिहून काढतेय, कुणा शिक्षकाला, पालकाला, नाहीतर थेट एखाद्या पोराला उपयोगी पडली तर पडू दे.

मुलगी खानापूर तालुक्यातली, नाव देत नाही. गाव पावसाच्या पट्ट्यात, घरची भाताची शेती. रोज बसनं बेळगावला कॉलेज (कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं २०२३ पासून बायकांना आणि पोरींना सरकारी बस फुकट झालीय, नाहीतर एवढ्या लांबून रोज येणं-जाणं ह्या घराला परवडलं नसतं). मामाचं गाव अथणीकडं, तिथं बघावं तिकडं ऊस. हे भात आणि ऊस पुढं फार कामाला आले म्हणून आधीच सांगून ठेवते. घरात स्मार्टफोन एकच, तो वडिलांचा, संध्याकाळी आठनंतर तिच्या हातात येतो. कॉम्प्युटर नाही. माझ्याकडं ट्यूशनला एक जुना लॅपटॉप आहे, तो पोरं पाळीपाळीनं वापरतात.

ती आली तेव्हा बायोलॉजीचा फोटोसिंथेसिसचा धडा चालू होता. वही बघितली तर अक्षर मोत्यासारखं, व्याख्या सगळ्या पाठ, आणि प्रश्न विचारला की गप्प. मी तिला एकच विचारलं, 'एटीपी ही वस्तू आहे, जागा आहे, की क्रिया आहे?' तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, 'प्रोसेस असेल टीचर.' मग थायलाकॉइड विचारलं, ते तिनं 'केमिकल' सांगितलं. फोटोलिसिसला 'पार्ट' म्हणाली. (खरं तर एटीपी ही पेशीत ऊर्जा पुरवणारी वस्तू, थायलाकॉइड ही पानातल्या हिरव्या कणाच्या आतली जागा, आणि फोटोलिसिस ही उजेडानं पाणी फुटायची क्रिया.) इथंच मला कळलं की अडचण इंग्रजी वाक्याची नाहीये, निदान फक्त तेवढीच नाहीये. धड्यातले तीस-चाळीस शब्द तिच्या डोक्यात एका पातळीवर एकमेकांशेजारी उभे आहेत, कोण कुणाच्या आत राहतं, कोण कुणाला काय देतं, कोण फुटतं आणि कोण तयार होतं, ह्यातलं काहीच त्या शब्दांना चिकटलेलं नाही. दहावीत हेच तिला मराठीत येत होतं, म्हणजे पानात अन्न तयार होतं, सूर्यप्रकाश लागतो, ऑक्सिजन बाहेर पडतो हे पक्कं होतं, पण ते जुनं ज्ञान एका खोलीत आणि हे नवीन इंग्रजी शब्द दुसऱ्या खोलीत, आणि मधे दार नाही.

तिनं स्वतः प्रयत्न केले नव्हते असं नाही. मोबाईलची गॅलरी रंगीत माईंड मॅपनी भरलेली होती, काही नेटवरून घेतलेले, काही एका ॲपमधून, ज्यात पुस्तकाची पीडीएफ टाकली की आपोआप मॅप तयार होऊन येतो. दिसायला फार सुंदर. मधे 'फोटोसिंथेसिस', त्यातून पाच-सहा रंगीत फांद्या, प्रत्येक फांदीला आणखी बारीक फांद्या. मी एका फांदीवर बोट ठेवलं, 'कॅल्विन सायकल' (कार्बन डायऑक्साइडपासून साखर करायचा टप्पा) पासून 'एनएडीपीएच' (त्या टप्प्याला हायड्रोजन पुरवणारा पदार्थ) कडं रेघ गेलेली, आणि विचारलं ही रेघ काय सांगते? एनएडीपीएच कॅल्विन सायकलमधे तयार होतो, की वापरला जातो? तिला सांगता येईना. आणि तिचा दोष नाही, त्या चित्रात ते लिहिलेलंच नव्हतं! दोन शब्द एका रेघेनं जोडलेत एवढंच ते चित्र सांगतं, आणि ते दोन शब्द एकाच धड्यात आहेत हे तर तिला आधीपासून माहीत होतं.

इथं थोडं थांबून दोन प्रकारांतला फरक सांगते, कारण सगळे ह्याला सरसकट माईंड मॅप म्हणतात. माईंड मॅप हा प्रकार टोनी बुझान यांनी १९७४ च्या बीबीसीच्या कार्यक्रमातून लोकांपर्यंत नेला. मधे एक विषय, त्यातून फांद्या, एका फांदीवर एक शब्द, रंग, चित्रं. डोक्यात जे जे येतंय ते पटकन बाहेर काढायला, निबंधाचे मुद्दे सुचायला हा चांगला. कन्सेप्ट मॅप वेगळा. तो अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीत जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या लोकांनी १९७२ च्या सुमारास काढला, आणि काढला तो शिकवण्यासाठी पण नाही. ते लहान पोरांना विज्ञान कसं समजत जातं ते वर्षानुवर्षं मुलाखती घेऊन बघत होते, मुलाखतींचे ढीग झाले, त्यातून ह्या पोराला आज नक्की काय समजलंय ते एका नजरेत दिसावं म्हणून त्यांनी हा प्रकार बनवला. बॉक्समधे कल्पना, बॉक्स ते बॉक्स बाण, आणि बाणावर जोडणारे शब्द, म्हणजे बॉक्स-बाण-बॉक्स मिळून एक पूर्ण विधान झालं पाहिजे. त्यांच्या मागं डेव्हिड ऑसुबेल यांचं म्हणणं होतं की नवीन गोष्ट शिकताना सगळ्यात जास्त फरक पोराला आधीपासून काय माहीत आहे ह्यानं पडतो. आपल्या मराठी मीडियमच्या पोरांसाठी ही गोष्ट किती महत्त्वाची आहे बघा, त्यांना आधीपासून जे माहीत आहे ते मराठीत आहे, आणि कॉलेजमधे त्या माहितीला कुणी हातच लावत नाही.

मग मी एकच नियम ठेवला. बॉक्समधे इंग्रजी शब्द, पुस्तकात आहे तसाच, स्पेलिंगसकट, कारण परीक्षेत तोच लिहायचाय. बाणावर मात्र मराठी, आणि ती पण बोलतो तशी मराठी. बाण रिकामा ठेवायचा नाही. ज्या बाणावर काय लिहायचं ते सुचत नाही तो बाण लाल करायचा आणि तसाच सोडायचा, म्हणजे आपल्याला काय येत नाही ते तिथं दिसत राहतं.

सुरुवात केली ती बाणांनी नाही, शब्द वेगळे करण्यानं. लॅपटॉपवर ड्रॉ-डॉट-आयओ ही डायग्राम काढायची वेबसाईट उघडली, ती फुकट आहे, लॉगिन लागत नाही, फाईल आपल्याच मशीनवर सेव्ह होते. धड्यातले सगळे जाड अक्षरातले शब्द तिनं एकेका सुट्या बॉक्समधे टाइप केले आणि पडद्यावर कुठंही विखरून टाकले. नंतर माऊसनं ओढून ओढून जवळ आणायचे, जे एका जातीचे वाटतात ते. आधी नावं ठरवायची नाहीत, आधी ढीग होऊ द्यायचे आणि मग ढिगाला नाव द्यायचं. ही पद्धत जपानच्या जिरो कावाकिता यांनी १९६० च्या दशकात रुजवलेली, ते फिरून फिरून गावागावातून गोळा केलेल्या नोंदी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून अशाच जमिनीवर मांडायचे, आणि त्यांच्या नावावरून (कावाकिता जिरो) तिला केजे पद्धत म्हणतात. कागदाच्या चिठ्ठ्यांवर पण होतं हे, पण स्क्रीनवर फायदा असा की शब्द दहा वेळा इकडून तिकडं नेला तरी खाडाखोड दिसत नाही, त्यामुळं पोर घाबरत नाही, आणि ही पोरगी खाडाखोडीला फार घाबरायची, वहीत एक ओळ चुकली तर पान फाडायची.

पहिल्यांदा तिनं ढीग केले ते पुस्तकातल्या क्रमानं, म्हणजे पहिल्या पानावरचे शब्द एकत्र, दुसऱ्या पानावरचे एकत्र. मी काही बोलले नाही, फक्त तोच प्रश्न परत विचारला, ही वस्तू की जागा की क्रिया? आणि मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. तिनं तीन रंग घेतले. वस्तूंना पिवळा: पाणी, कार्बन डायऑक्साइड, एटीपी, एनएडीपीएच, क्लोरोफिल, ग्लुकोज. जागांना हिरवा: क्लोरोप्लास्ट, ग्राना, थायलाकॉइड, स्ट्रोमा. क्रियांना निळा: फोटोलिसिस, फॉस्फोरिलेशन, कार्बोक्झिलेशन. रुबिस्कोपाशी अडली, कारण ते एन्झाईम, म्हणजे वस्तू, पण काम करतं, म्हणून तिला ते निळ्यात टाकायचं होतं. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि शेवटी तिनंच ठरवलं की माणूस काम करतो म्हणून माणूस काही क्रिया होत नाही. रुबिस्को पिवळा झाला. हा निर्णय तिनं स्वतः घेतला म्हणून तो तिच्या डोक्यात राहिला, मी सांगितला असता तर वहीत राहिला असता.

आता बाण. ह्यातला एक बाण सविस्तर सांगते, कारण सगळी केस त्या एका बाणावर वळली असं माझं मत आहे. तिनं 'कार्बन डायऑक्साइड' पासून 'ऑक्सिजन' कडं बाण काढला आणि त्यावर लिहिलं 'मधून निघतो'. वाचून दाखव म्हटलं. 'कार्बन डायऑक्साइड मधून ऑक्सिजन निघतो.' वाक्य एकदम स्वच्छ, आणि एकदम चूक. पण ही चूक साधी नाही, दहावीपर्यंत आपण जे समीकरण पाठ करतो, सहा कार्बन डायऑक्साइड अधिक सहा पाणी, त्यातून ग्लुकोज आणि सहा ऑक्सिजन, ते बघून कुणालाही असंच वाटेल, सहा इकडं सहा तिकडं, कार्बन काढून घेतला आणि ऑक्सिजन सोडून दिला. वर्षानुवर्षं मनात असलेली ही समजूत वहीतल्या उत्तरांतून कधीच दिसली नसती, कारण वहीत ती पुस्तकाचं वाक्य उतरवते. बाणावर तिला स्वतःचं वाक्य करावं लागलं म्हणून ती बाहेर आली.

मग कॉर्नेलियस व्हान नील यांची गोष्ट सांगितली. त्यांनी जांभळे आणि हिरवे बॅक्टेरिया बघितले, जे पाण्याच्या जागी हायड्रोजन सल्फाइड वापरतात. ते कार्बन डायऑक्साइड घेतात, साखर करतात, आणि तरी त्यांच्यातून ऑक्सिजन निघत नाही, गंधक निघतं. ऑक्सिजन जर कार्बन डायऑक्साइडमधून येत असता तर इथं पण यायला हवा होता की! म्हणजे जे फुटतं ते हायड्रोजन देणारं, बॅक्टेरियात हायड्रोजन सल्फाइड फुटतं म्हणून गंधक, झाडात पाणी फुटतं म्हणून ऑक्सिजन. पुढं जड ऑक्सिजनचा आयसोटोप वापरून हे सिद्ध पण झालं. म्हणून नीट समीकरणात पाणी बारा लिहितात, आणि उजवीकडं ग्लुकोज, सहा पाणी आणि सहा ऑक्सिजन. तिनं बोटावर मोजलं, बारा पाण्यात ऑक्सिजनचे बारा अणू, बाहेर पडणाऱ्या सहा ऑक्सिजनमधे पण बारा. आणि कार्बन डायऑक्साइडमधले बारा कुठं गेले? सहा ग्लुकोजमधे, सहा नवीन पाण्यात. तिनं तो जुना बाण पुसला आणि 'वॉटर' पासून 'ऑक्सिजन' कडं नवीन काढला, 'पीएस-टू पाशी फुटून सोडतं' (पीएस-टू म्हणजे फोटोसिस्टिम टू, थायलाकॉइडमधे जिथं पाणी फुटतं तो भाग). आणि न सांगता दुसरे दोन बाण त्याच 'वॉटर' मधून काढले, प्रोटॉनकडं आणि इलेक्ट्रॉनकडं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

एक गोष्ट लक्षात ठेवायची, सगळा धडा एका मॅपमधे कोंबायचा नाही. चाळीस बॉक्सचं जाळं मोबाईलच्या पडद्यावर दिसतच नाही, आणि दिसलं तरी डोक्यात मावत नाही, एका वेळी चारेक नवीन गोष्टींपलीकडं मन धरू शकत नाही असं मानसशास्त्रवाले सांगतात. आम्ही तीन फाईली केल्या, प्रकाश लागणारा भाग, कॅल्विन सायकल, आणि तिसरी भात-उसाची. नोव्हाक सांगतात की प्रत्येक मॅपच्या डोक्यावर एक प्रश्न पाहिजे, ज्याचं उत्तर म्हणून तो मॅप असतो. नुसतं 'सी-फोर पाथवे' असं शीर्षक दिलं की पोर पुस्तक उतरवतं, प्रश्न दिला की विचार करतं. तिसऱ्या फाईलला तिनं स्वतः प्रश्न लिहिला: आमच्याकडचा भात आणि मामाकडचा ऊस, भर उन्हात ऊस जास्त जोमानं का वाढतो?

ह्या फाईलला साधे बॉक्स पुरले नाहीत. ड्रॉ-डॉट-आयओमधे उभे पट्टे काढता येतात, स्विमलेन म्हणतात त्याला. डावा पट्टा मेसोफिलच्या, म्हणजे पानातल्या नेहमीच्या हिरव्या पेशी, उजवा पट्टा बंडल शीथच्या पेशी, शिरेभोवती ज्या असतात त्या. भाताला तिनं एकच पट्टा दिला, कारण भातात सगळं मेसोफिलमधेच होतं: पाच कार्बनचं आरयूबीपी कार्बन डायऑक्साइड पकडतं, रुबिस्को ते काम करतं, पहिला पदार्थ तीन कार्बनचा पीजीए, म्हणून सी-थ्री. ही वाट मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सोबत्यांनी शेवाळाला किरणोत्सारी कार्बन देऊन शोधली, १९६१ चं नोबेल त्यालाच. उसाला दोन पट्टे. डावीकडं तीन कार्बनचं पेप कार्बन डायऑक्साइड पकडतं, एन्झाईम पेप-केज, पहिला पदार्थ चार कार्बनचा ओएए, म्हणून सी-फोर, त्यातून मॅलिक किंवा ॲस्पार्टिक ॲसिड होऊन ते रेघ ओलांडून उजव्या पट्ट्यात जातं, तिथं कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि तिथं रुबिस्को वाट बघत बसलेलं असतं, पुढं तीच कॅल्विन सायकल. उरलेला तीन कार्बनचा तुकडा परत डावीकडं येऊन पेप होतो.

हे सगळं मांडून झाल्यावर ती स्क्रीनकडं बघत बसली आणि म्हणाली, 'टीचर, रुबिस्को दोन्हीकडं तेच आहे की. नुसती जागा बदललीय त्याची.' माझ्या मते ह्या धड्यातली ही सगळ्यात मोठी समज आहे, आणि ती पट्ट्यांमुळं डोळ्याला दिसली. रुबिस्कोची खोड अशी की ते कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन पण पकडतं, आणि गरमी वाढली की ही खोड पण वाढते, त्याला फोटोरेस्पिरेशन म्हणतात, त्यात साखर पण मिळत नाही आणि एटीपी पण नाही. ऊस त्याला आतल्या पेशीत ठेवतो आणि त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइड भरपूर ठेवतो, म्हणून ते चुकत नाही. ह्याची किंमत आहे: एका ग्लुकोजला सी-थ्रीमधे १८ एटीपी लागतात, सी-फोरमधे ३०. एनएडीपीएच दोन्हीकडं १२. म्हणून ऊन भरपूर असेल, तापमान ३० ते ४० च्या घरात असेल तर हा जास्तीचा खर्च वसूल होतो, आणि भाताला, म्हणजे सी-थ्रीला, पुस्तक २० ते २५ अंश बरे म्हणतं. तिनं तिच्याच मनानं एक बाण जोडला, 'क्लाउडी स्काय' पासून 'थर्टी एटीपी' कडं, 'असताना परवडत नाहीत'. हे वाक्य पुस्तकात असं कुठंच नाहीये, तिनं खानापूरचा पाऊस आठवून केलंय.

आणि हे सांगितल्यावर तर तिचे डोळे मोठे झाले, की हा शोध लागला तोच उसावर. हवाईमधल्या ऊसवाल्यांच्या संशोधकांना दिसलं की उसात पहिला पदार्थ तीन कार्बनचा मिळतच नाही, चार कार्बनचा मिळतो, आणि मग ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक यांनी ही सगळी वाट १९६६ मधे मांडली, म्हणून पुस्तकात त्याला हॅच-स्लॅक पाथवे म्हणतात. चिकोडी, अथणी, रायबाग, कारखान्यांच्या रांगा लागलेला आपला भाग, आणि आपल्या पोरांना हा धडा परका वाटतो, हे मला पटत नाही.

टाइपिंगचं एक सांगते, कारण बरेच लोक इथंच सोडतात. लॅपटॉपवर मराठी टाइप करणं तिला जमत नव्हतं. मग मोबाईलवर जीबोर्डला बोलून मराठी लिहायचं, गूगल कीपमधे टाकायचं आणि लॅपटॉपवर तेच कीप उघडून उचलायचं. बोलून लिहिल्यामुळं बाणावरचं वाक्य आपोआप बोलीतलं झालं, हा फायदा आधी लक्षात आला नव्हता. घरी बघायला मॅप पीएनजी करून पाठवायचा, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की बारीक अक्षरं पुसट होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. पीएनजी करताना डायग्रामची कॉपी आत ठेवायचा पर्याय असतो, तो टिक केला की तीच पीएनजी परत उघडून बदलता येते. आणि फाईल आपल्याकडं ठेवायची म्हणजे ठेवायची. गूगलचं जॅमबोर्ड हे ऑनलाईन फळ्याचं साधन २०२४ च्या शेवटी बंद झालं, त्यावर ज्यांनी ज्यांनी शिकवणीचं काम मांडलं होतं त्यांना दुसरी जागा शोधावी लागली.

आता ह्या केसमधलं दुसरं वळण. मॅप छान झाला, ती खूश, घरी रोज रात्री मोबाईलवर उघडून बघायची. पंधरवड्यानं विचारलं तर निम्मं गेलेलं. ह्याचं कारण शोधावं लागत नाही, कारपिके आणि ब्लंट यांनी २०११ मधे 'सायन्स' मासिकात छापलेला प्रयोग आहे. एका गटानं धडा समोर ठेवून कन्सेप्ट मॅप काढला, दुसऱ्या गटानं धडा वाचून, मिटून, आठवेल ते लिहिलं, परत वाचलं, परत लिहिलं. आठवड्यानं परीक्षा घेतली तर आठवून लिहिणारे पुढं, परीक्षेत मॅपच काढायला सांगितला तरी तेच पुढं. हे वाचून काही लोक म्हणतात मॅप बेकार. मला तसं वाटत नाही, कारण त्याच दोघांनी २०१४ मधे परत बघितलं की पुस्तक मिटून आठवून मॅप काढला तर तो पण तितकाच उपयोगी पडतो. म्हणजे पुस्तक उघडं की मिटलेलं, खरा फरक इथं आहे.

म्हणून आम्ही फाईलची एक कॉपी केली आणि त्यातले बाणांवरचे सगळे शब्द पुसले. बॉक्स तसेच, बाण मुके. ती ते न बघता भरायची, मग मूळ फाईल शेजारी उघडून ताडून बघायची. ते जमल्यावर बाण पण काढले, नुसते बॉक्स. शेवटी कोरा कागद आणि वर फक्त प्रश्न. हे शेवटचं बसमधे व्हायचं, वहीच्या मागच्या पानावर, लॅपटॉप-मोबाईल काही नको. डिजिटल साधनाचं काम मांडणी, मोडणं, परत मांडणं एवढंच, आठवायचं काम डोक्यानंच करायचंय, तिथं स्क्रीन जितकी लांब तितकं बरं असं माझं स्पष्ट मत झालंय.

वर्गातल्या मैत्रिणींना पण तिनं तो मॅप पाठवला होता, त्या पण मराठी मीडियमच्याच. दोन दिवसांनी एकीनं विचारलं, 'हे काय पाठवलीस गं, डोक्यावरून गेलं.' बरोबर आहे, दुसऱ्यानं विचार करून ठेवलेलं चित्र आपल्याला परत एक जाळंच दिसतं. मग तिनं त्यांना बॉक्सवाली, बिनबाणाची फाईल दिली, रंग पण काढून, आणि वर तेवढा प्रश्न ठेवला. आता त्यांच्यातल्या एकीनं रुबिस्को निळ्यात टाकलंय आणि त्यावर बसस्टँडवर दोघींचं भांडण झालं म्हणे. असं भांडण मला रोज झालेलं चालेल.

सगळ्याला हे औषध लागत नाही. फिजिक्सच्या गणितांना आम्ही करून बघितलं, सूत्रांचे बॉक्स, त्यांना बाण, उपयोग शून्य, गणितं सोडवूनच येतात. केमिस्ट्रीत पिरियॉडिक टेबलला साधा तक्ताच बरा. इंग्रजीच्या धड्यालाही तिनं बाण काढले, मी थांबवलं, गोष्ट सरळ वाचायची असते. बायोलॉजीत मात्र, जिथं जागा, वस्तू आणि क्रिया एकमेकांत गुंतलेल्या असतात, तिथं ह्याला तोड नाही.

वडिलांना सुरुवातीला पटलं नव्हतं. एकदा ट्यूशनच्या दारात आले आणि म्हणाले, 'टीचर, राग मानू नका, पण ही चित्रंच काढत बसलीय, अभ्यास कधी करणार?' मी त्यांना काही समजावलं नाही, तिला म्हटलं आप्पांना भात आणि उसाचं सांग बघू. तिनं लॅपटॉप फिरवून एकेका बाणावर बोट ठेवून सगळं मराठीत सांगितलं, पाण्यापासून साखरेपर्यंत. आप्पांनी मधे दोन प्रश्न विचारले, त्यातला एक असा की 'मग मका कशात येतो?' मका सी-फोरमधेच, उसाच्या बाजूला, तिनं लगेच सांगितलं. मग बाजरीचं, ज्वारीचं विचारलं, ती पण सी-फोर. गहू? गहू भाताबरोबर. त्यानंतर फोन तिला सातलाच मिळायला लागला.

कॉलेजच्या टेस्टमधे सी-थ्री आणि सी-फोरमधला फरक आला होता. तिनं तो टेबल करून लिहिला, इंग्रजीत, आणि वाक्यं तिची स्वतःची होती, कुठं कुठं ग्रामर चुकलेलं पण अर्थ एकदम पक्का. आधी ती असले प्रश्न सोडून द्यायची. इंग्रजी सुधारायचं बाकी आहे, ते वेगळं काम आहे आणि ते पण चालू आहे. बाणावरची मराठी हळूहळू इंग्रजी होत चाललीय, आधी 'फुटून सोडतं' होतं तिथं आता तिनं 'स्प्लिट्स अँड रिलीजेस' लिहिलंय, तिला सोपं वाटेल तिथंच, मी घाई करत नाही. कॉमर्सचं बोलणं घरात बंद झालंय.

सध्या रेस्पिरेशनच्या धड्याचा मॅप चालू आहे. एटीपीचा पिवळा बॉक्स तिनं जुन्या फाईलमधूनच उचलून आणलाय, ग्लुकोजचा पण. डोक्यावर प्रश्न लिहिलाय: पानानं केलेली साखर रात्री कोण खातं? मायटोकॉन्ड्रियाकडं जाणारे दोन बाण अजून लाल आहेत, आणि त्यातल्या एकावर तिचं आणि त्या मैत्रिणीचं अजून एकमत झालेलं नाही.